उभ्या उभ्या मेलेल्या बॅटऱ्या

वस्तू वापरली नाही तर ती खराब होत नाही, असं ज्यानं कोणी पहिल्यांदा सांगितलं, त्याला मी आमच्या दुकानामागच्या टिनाच्या खोलीत एक अख्खा वैशाख कोंडून ठेवलं असतं. बाहेरून कुलूप घातलं असतं, दारावर ‘नवा माल’ असा कागद चिकटवला असता आणि दसऱ्याला दार उघडून विचारलं असतं, बोला, आता कसं वाटतंय? तुझं वय आता शांत व्हायचं आहे, असं लोक मला सांगतात. बाकी सगळ्या गोष्टींवर होईन. या एका गोष्टीवर मी शांत व्हायची नाही.

दिग्रसच्या बाजारात माझ्या वडिलांचं दुकान होतं. आधी नुसतं सायकलींचं होतं. पुढे वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि त्याच सुमाराला गावोगावी रेडिओचं वेड शिरलं, तेव्हा बाबांनी सायकली एका बाजूला सरकवून दुकानात रेडिओ मांडले. बाजारात वीज होती, पण आसपासच्या खेड्यांत एकाही घरात नव्हती. तिथले रेडिओ बॅटरीवर चालत. ही बॅटरी म्हणजे टॉर्चमधले सेल नव्हेत. मोटारीत असते तसली, तेजाब म्हणजे अ‍ॅसिड भरलेली, काळ्या डब्यातली जड बॅटरी. संपली की सायकलच्या कॅरियरवर नाहीतर बैलगाडीत टाकून बाजाराच्या दिवशी दिग्रसला आणायची, आमच्या दुकानासमोर चार्जिंगचं काम करणाऱ्या चाचांकडे ठेवायची आणि भरून परत न्यायची. नीट वागवली तर अशी बॅटरी तीन-तीन, चार-चार वर्षं टिके.

नव्या बॅटऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्याकडून येत. दारव्ह्यापर्यंत छोट्या रेल्वेनं आणि तिथून पुढे ट्रकनं. तेजाब घालून, चार्ज करूनच तो त्या पाठवायचा. बॅटरीच्या माथ्यावर तीन बुचं असत आणि तिन्ही बुचांवरून एक निळी कागदी पट्टी चिकटवलेली असे. या निळ्या पट्टीनं आमच्या भागात जे स्थान मिळवलं होतं, ते एखाद्या देवाला मिळायला शंभर वर्षं लागतात.

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी पट्टीवरून बोट फिरवायचं. कोपरा उचललेला दिसला की बॅटरी खाली ठेवून म्हणायचं, “हे जुनी दिसते, शेटजी.” पट्टी शाबूत असेल तर बॅटरी कडब्याच्या गादीवर ठेवून गावाला जायची. घरी तिला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा आणि मग घरधन्यानं सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हातानं पट्टी फाडायची. नारळाच्या आधी पट्टी फाडली तर अपशकुन. पट्टी दुकानदारानं फाडली तर फसवणूक. त्यामुळे आमच्या टिनाच्या खोलीत बॅटऱ्या कितीही महिने पडून असल्या, तरी त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. दसऱ्याला माल यायचा. कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आला की थोडा खपायचा आणि उरलेला होळी ओलांडून, वैशाखात तापून, पावसाळ्यात दमट होऊन पुढच्या दसऱ्याची वाट पाहत तसाच उभा राहायचा.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” बाबा म्हणायचे. त्यांची ही आवडती म्हण होती. बॅटऱ्यांसाठीही आणि माझ्यासाठीही.

मी मॅट्रिक झाले होते. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. बाबांनी पेढे वाटले, माझं सर्टिफिकेट काचेत मढवून दुकानात टांगलं आणि मला घरात बसवलं. मला मास्तरीण व्हायचं होतं. यवतमाळला मुलींना मास्तरकीचं ट्रेनिंग घेता येतं, तिथे राहायची सोय आहे, हे शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितलं होतं. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “पाहू नं, बाई. आधी स्थळ पाहून राह्यलो.” पहिला जून गेला. दुसरा गेला. तिसरा यायला निघाला होता आणि मला पक्कं ठाऊक होतं, की हाही असाच गेला तर मी पुन्हा कधी जायची नाही.

स्थळं येत. पोहे होत. येणारी माणसं विचारत, “मुलगी इतकी शिकली, मंग बाहेर-बिहेर जाते का?” आणि बाबा छाती फुगवून सांगत, “मॅट्रिक झाली तेवापासून दाराबाहेर पाऊल नाई टाकलं.” पोह्यांचं ताट घेऊन मी आतल्या दाराशी उभी असायचे. बाबा गिऱ्हाइकाला बॅटरी दाखवताना ज्या आवाजात “कोनाचा हात नाई लागला” म्हणत, नेमका तोच आवाज. मला तो ऐकून इतका राग यायचा, की ताट पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवावं की डोक्यावर, असा विचार पडायचा.

बाबा वाईट नव्हते. हे मी त्यांना सांभाळून घ्यायला म्हणत नाही. ते आवडत्या वस्तू जपून ठेवणारे होते. नवं धोतर सणाला, सणाचं धोतर लग्नाला आणि लग्नाचं धोतर ट्रंकेत. ते शेवटी कसरीनं खाल्लं, तेव्हा ते कसरीवर रागावले, ट्रंकेवर नाही.

आई माझ्या मनातलं जाणून होती, पण बोलत नव्हती. ती चौथी पास होती. तिच्या काळात, तिच्या माहेरच्या खेड्यात, चौथी म्हणजे मोठी गोष्ट. लग्नाच्या बैठकीत तिनं पोथीचं पान घडाघडा वाचून दाखवलं होतं म्हणे. मग लग्न झालं आणि तिला परत कोणी काही वाच म्हटलं नाही. मी शाळेत असताना एकदा तिच्यापुढे माझं पहिलीचं पुस्तक धरलं, तर तिनं एका ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले आणि पुस्तक मिटून ठेवलं. “येत होतं वं मले,” ती म्हणाली, “आता अक्षरं थांबतच नाईत डोयापुढं.” आणि ती निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीकडे वळली. हे मी कधी विसरले नाही.

आमच्या घरातही एक रेडिओ होता, बॅटरीवरचा, कारण वीज बाजारात होती, गल्लीत नव्हती. घरची ती बॅटरी दिसायला भिकार. पट्टी केव्हाच गेलेली, डब्याचा एक कोपरा उडालेला, बुचांभोवती पांढरा चुरा साचलेला. महिन्यातून दोनदा चाचांकडे जाऊन भरून यायची. पण वाजायची कशी! संध्याकाळी नागपूरच्या बातम्या लागल्या की चौथ्या घरापर्यंत ऐकू जायच्या. तिला आमच्या घरी चार वर्षं होत आली होती. आणि टिनाच्या खोलीतून नवी म्हणून गेलेल्या बॅटऱ्या मात्र वर्षाच्या आत परत यायला लागल्या होत्या. दुकान, त्यामागे टिनाची खोली आणि खोलीच्या मागे आमचं अंगण, अशी रचना होती. अंगणात बसून डाळ निवडताना दुकानातलं प्रत्येक भांडण मला टिनातून ऐकू यायचं. हातच्या काकणाला आरसा कशाला? रोज राबणारी जगत होती आणि जपून ठेवलेली मरत होती.

चाचा एकदा घरची बॅटरी भरून मागच्या दारी घेऊन आले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं.

“चाचा, नव्या बॅटऱ्या काहून मरून राह्यल्या?”

त्यांनी बॅटरी खाली ठेवली आणि आधी दुकानाच्या बाजूला पाहिलं. “तेजाब हाये बेटा आतमंदी. ते काय झोपते काय? चालवा नाई तं नोका चालवू, ते आपलं काम करतच राह्यते. गरमीत आनखी जास्त. म्हैन्या-म्हैन्याले चार्जिंगले लावली तं राह्यते. नाई लावली तं प्लेटीवर सफेदी चढते.”

“मंग बाबाले काहून नाई सांगत?”

“सांगू कसा? चार्ज कराची तं बुच खोला लागते. बुच खोलाचं तं पट्टी फाडा लागते. पट्टी फाडली का गिऱ्हाईक म्हंते जुनी. तुह्या बाबाचा माल पडला का ते माह्यावर चिडतीन.” आणि मग हसून म्हणाले, “आन् मेलेली बॅटरी शेवटी येते तं माह्याकडंच.”

म्हणजे चाचांना माहीत होतं. नागपूरच्या व्यापाऱ्यालाही माहीत असणार. माहीत असून सगळे त्या निळ्या कागदाला नमस्कार करत होते. मी त्या दिवशी बाबा जेवायला बसले तेव्हा सांगून पाहिलं, की बॅटऱ्या उघडून महिन्याला चार्ज करा. बाबांनी घास थांबवला. “बह्याड झाली काय? अवं, बैल बांधून ठेवला तं त्याची ताकद वाढते, कमी नाई होत.” मी म्हटलं, बैलाला तुम्ही खायला घालता. यावर त्यांनी आईकडे पाहिलं, आणि आईनं माझ्याकडे, आणि बोलणं तिथेच संपलं.

मग अरुणावती नदीच्या काठच्या एका गावाचे सरपंच आले.

त्यांच्या ग्रामपंचायतीला रेडिओ मिळाला होता. गावातला पहिला. बॅटरी आमच्या दुकानातून नेली, पट्टी शाबूत पाहून. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. नारळ फुटला, सरपंचांनी आपल्या हातानं पट्टी फाडली, रेडिओ लागला. लोक खाली बसून ऐकायला लागले, तोवर बातम्या सांगणाऱ्याचा आवाज बारीक होत होत विहिरीत गेल्यासारखा बुडाला. सरपंच दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन आले. बाबांनी कुरकुरत बदलून दिली. तीही टिनाच्या खोलीतलीच, तितकीच जुनी, तशीच निळ्या पट्टीची. पुढच्या बाजाराच्या दिवशी सरपंच ती घेऊन परत आले. फाल्गुन सरत आला होता, उन्हं तापायला लागली होती आणि बाजार माणसांनी भरला होता.

अंगणात मला पहिलं वाक्य ऐकू आलं ते असं. “शेटजी, गाव माह्या तोंडावर थुकून राह्यलं!”

सरपंच म्हातारे होते, आवाज चढला की त्यांना खोकला येत होता. “म्हंते, सरपंचानं जुनी बॅटरी आनली अन् मधातले पैसे खाल्ले. माह्या सुना पानवठ्यावर जात नाईत लाजेनं. मी काय सांगू लोकाईले?”

“पट्टी शाबूत होती का नाई?” बाबांचा आवाज.

“होती नं.”

“तुमीच फाडली नं?”

“मीच फाडली.”

“मंग माल नवा होता. माह्या दुकानातून जुना माल कधी गेला नाई, लेकराची शपथ! तुमच्या गावच्या पोट्ट्याईनं तारा उलट्या लावल्या असतीन.”

लेकराची शपथ. लेकरू एकच होतं, ते अंगणात डाळ निवडत होतं. मी सूप खाली ठेवलं. अंगणातून दुकानात जायला टिनाच्या खोलीतून एक दार होतं आणि ते मी ओलांडायचं नाही, असा नियम होता. आईनं मला उठताना पाहिलं. तिनं “कुठं चालली?” असं विचारलं नाही, हे मला आज आठवतं. तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

खोलीत भट्टी पेटल्यासारखी धग होती. भिंतीला लागून बॅटऱ्या उभ्या होत्या, दसऱ्यापासूनच्या, काही तर त्याआधीच्या दसऱ्याच्या. मी त्यातली एक घागरीसारखी कमरेवर घेतली आणि दुकानात आले. बाबा, सरपंच, बाजारातली पाच-सहा माणसं, सगळे माझ्याकडे वळले. मी बॅटरी फळीवर ठेवली, ज्या फळीच्या वर माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं, आणि पट्टीत नख घातलं.

“हात नोको लावू!” बाबा ओरडले.

मी पट्टी ओढली. टर्रकन आवाज झाला. बाजारात इतका गोंगाट असूनही तो आवाज सगळ्यांनी ऐकला असं मला वाटलं, आणि खरं सांगते, इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

“चाचा,” मी समोर हाक मारली, “नळी आना तुमची.”

चाचांकडे एक काचेची नळी होती, वर रबराचा फुगा असलेली. बुच काढून तिनं तेजाब वर ओढायचं. नळीच्या आत एक छोटा तरंगा असतो. बॅटरी भरलेली असली की तो वर राहतो, रिकामी असली की बुडतो. हे दिग्रसच्या बाजारात पोराटोरांना माहीत होतं, कारण चाचा चार्ज झालेली प्रत्येक बॅटरी गिऱ्हाइकाला असंच दाखवून देत. चाचा उठले, बाबांकडे पाहून थबकले, आणि मग नळी घेऊन आले. त्या दिवशी ते आले नसते तर काय झालं असतं, कोण जाणे.

तरंगा तळाला गेला. मी आत जाऊन दुसरी आणली. तिची पट्टी फाडली. तरंगा तळाला. तिसरी आणताना माझा पदर ओला झाला, घाईत पाहिलं नाही, नंतर तिथे कापड झिजून भोक पडलं. तिसरीचाही तरंगा तळाला. चौथी आणायला वळले तेव्हा बाबा म्हणाले, “बस.”

त्यांचा चेहरा उतरला होता. सरपंचांकडे न पाहता ते म्हणाले, “नागपूरवाल्यानं फसवलं.”

“नागपूरहून जिवंत आल्या होत्या,” मी म्हटलं. “इथं मेल्या. तुमच्या खोलीत.”

“बसल्या जागी कोनी मरते काय?”

“मरते,” मी म्हटलं. “मी नाई मरून राह्यली? मलेही पट्टी लावूनच ठेवलं नं तुमी?”

एवढ्या माणसांत मुलगी बापाला हे बोलली. कोणी तरी मागे “अरे बाप्पा” म्हणालं. बाबांचा हात उठेल असं मला वाटलं, आणि मी त्यासाठी तयार होते. हात उठला नाही. ते हळूच म्हणाले, “घरात जा.”

मी घरात गेले. पण टिनाच्या खोलीतून नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरून समोरून गेले, बाजारातून, भाजीवाल्यांमधून, कापूस घेऊन आलेल्या गाड्यांमधून, अख्खी गल्ली चालत, पदराला तेजाब लागलेलं आणि डोकं उघडं. घराच्या पुढच्या दारानं आत शिरले. गावाला बोलायला एक महिना पुरेल इतकं मी एका फेरीत देऊन टाकलं.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बॅटऱ्या हातगाडीवर टाकून चाचांकडे नेल्या. चाचांनी त्या अगदी मंद चार्जिंगला लावल्या. घाई चालत नाही, ते म्हणाले, जितकी जास्त उभी राहिली तितकं हळू द्यावं लागतं, एकदम दिलं तर प्लेटा सोलतात. तीन-चार दिवस त्या फळीवर बुडबुडत होत्या. बहुतेक उठल्या. दोन उठल्याच नाहीत. त्यांच्या आत पाहिलं तर प्लेटा चुना फासल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. चाचांनी मान हलवली आणि बाबांनी त्या दोन्ही स्वतः उचलून परत आणल्या.

सरपंच आले तेव्हा बिनपट्टीची बॅटरी पाहून चुळबुळले. “नारय कायच्यावर फोडू मी? पट्टीच नाई.” बाबा त्यांना चाचांच्या फळीजवळ घेऊन गेले, नळीतला वर आलेला तरंगा दाखवला आणि नारळ तिथेच, दुकानाच्या पायरीवर फोडायला लावला. त्या बॅटरीवर तो पारावरचा रेडिओ पुढची दोन-तीन वर्षं वाजला आणि सरपंचांच्या सुना परत पाणवठ्यावर जायला लागल्या. तेव्हापासून आमच्या दुकानात नळी पाहून नारळ फोडायची पद्धत पडली. काही गिऱ्हाइकं पट्टीसाठी दुसऱ्या दुकानात गेली. बाबा रोज त्यांच्या नावानं कुरकुरत, पण महिना झाला की हातगाडी काढत.

आता कोणाला वाटेल, की बॅटरीचं पटलं म्हणजे माझंही पटलं. छे! बॅटरीचं पटायला नळी होती. माझ्यासाठी तशी नळी कुठून आणायची? बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी ट्रेनिंगचं नाव काढलं की उठून जात. आणि वैशाखात दारव्ह्याहून एक स्थळ आलं.

मुलाचे काका मोठे भारदस्त गृहस्थ होते. पोहे खाता खाता म्हणाले, “आमच्या कानावर आलं, तुमची मुलगी दुकानात येते म्हून. लोकं कायबी बोलतेत म्हना. आमच्या घरी तसं चालत नाई. बाहेर-बिहेर जात नाई नं?”

मी रिकामं ताट हातात घेऊन दारात उभी होते. बाबांनी घसा साफ केला. मला ते वाक्य पाठ होतं.

“मॅट्रिक झाली तेवापासून,” बाबा म्हणाले, “दाराबाहेर पाऊल...”

आणि थांबले. वाक्य पुढे जाईना. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. काका वाट पाहत होते.

माझ्या मागून आई बोलली. पाहुण्यांपुढे आमच्या घरात बायका बोलत नसत. आई तर घरच्यांपुढेही कमीच बोलायची.

“टाकलं,” ती म्हणाली. “बाजारातून चालत आली, साऱ्या गावानं पाह्यलं. आन् आता यवतमायले जाऊन राह्यली. ट्रेनिंगले.”

काकांनी बाबांकडे पाहिलं, बायकोला गप्प कर या अर्थानं. बाबांनी आईकडे पाहिलं. मग काकांकडे वळून, गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाले, “हो. हिच्यावर पट्टी नाई. पट्टीवाली पाह्यजे असन तं दुसरं दुकान पाहा.”

पोहे अर्धे राहिले. दारव्ह्याच्या एसटीला उशीर आहे, बसा थोडं, असंही कोणी त्यांना म्हणालं नाही.

जूनमध्ये मी एसटीनं यवतमाळला गेले. बाबा स्टँडवर आले, ट्रंक स्वतः टपावर चढवली, कंडक्टरशी उगाच भांडले. मग माझ्या खिडकीखाली उभे राहून म्हणाले, “म्हैन्याले येत जा.” एवढंच.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या दुपारचं. मी ट्रंक भरत होते. टिनाच्या खोलीत त्या दोन न उठलेल्या बॅटऱ्या अजून पडून होत्या, बाबांनी त्या टाकल्या नव्हत्या आणि विकल्याही नव्हत्या. आई तिथून काहीतरी घेऊन आली. माझी शाळेतली जुनी पाटी होती. पदरानं तिनं तिच्यावरची धूळ पुसली आणि माझ्यासमोर बसली. मग खोलीच्या दाराकडे बघत विचारलं, “त्याईले चार दिवस लागले होते नं वं चाचाकडं? जे उठल्या त्याईले?”

मी म्हटलं, हो.

“मले किती लागतीन?”

माझ्या हातातली साडी खाली पडली. त्या दोन न उठलेल्या बॅटऱ्या भिंतीशी तशाच उभ्या होत्या आणि मला दिसत होत्या तितक्याच स्पष्ट त्या आईलाही दिसत होत्या. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि रडायचं तर मुळीच नव्हतं.

“लागतीन तितके लागू दे,” मी म्हटलं, आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. “आजची दुपार हाये आपल्याकडं. काढ, अ.”